सुतारगल्लीत पाणी येत नाही

मालन राऊळ बाजार घेऊन आली तेव्हा कमळा निवासच्या जिन्याखाली एक अनोळखी बाई भिंतीचा फोटो काढत होती.

त्या भिंतीत फोटो काढण्यासारखं होतं तरी काय? सुटलेले पोपडे, वर मीटरच्या पेट्या, आणि मांडीएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याने वर्षानुवर्षं ओढलेली. बाईने वाकून नेमका त्या रेघेचाच फोटो घेतला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायात चांगले बूट. मालनने बोंबलांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मुद्दाम खाकरली.

"कोण पाहिजे?"

"नमस्कार मावशी. मी नेरिसा परेरा. आमची संस्था वॉर्डांचा अभ्यास करते. हवामान बदलतंय ना, ऊन वाढलं, पाऊस येतो तो एकदम कोसळतो. त्यासाठी महापालिकेने कुठे किती तयारी केलीय ते आम्ही मोजतो. प्रत्येक वॉर्डाला गुण देतो."

"पालिकेला गुण?"

"हो."

"मग परीक्षा पालिकेत जाऊन घ्या की. आमच्या जिन्याखाली कशाला?"

नेरिसा हसली. "पालिका सांगणारच, सगळं केलंय म्हणून. खरं काय ते इथेच कळणार ना?"

बोलणं गोड होतं, आणि गोड बोलणाऱ्यांची मालनला जास्त धास्ती वाटायची. परळच्या एका मोठ्या इस्पितळात आयाबाई म्हणून तिने उभं आयुष्य काढलं होतं. 'काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होईल' असं म्हणणारे डॉक्टर पुढे काय करतात, ते तिने पुष्कळ पाहिलं होतं.

"राहता कुठे तुम्ही?" तिने विचारलं.

"दादरला. आम्ही मूळचे तिथलेच. आजोबांचं बैठं घर होतं, पोर्तुगीज चर्चच्या मागे."

"होतं म्हणजे?"

"आता तिथे टॉवर आहे." नेरिसाने टॅब बंद केला. "रविवारी आले तर सगळे घरी भेटतील का?"

टॉवर हा शब्द मालनच्या कानात अडकून राहिला. रविवारी या, असं ती तोंडाने म्हणाली खरी. पण वर चढताना तिच्या डोळ्यांपुढे शंकर भुवन उभं राहिलं.

शंकर भुवन म्हणजे गल्लीच्या तोंडावरची चाळ. तिथेही अशीच माणसं आली होती. पाणी कुठवर येतं, भिंतींना ओल आहे का, जिना हलतो का, असं विचारून, चहा पिऊन गेली. पुढच्या वर्षी दारावर 'धोकादायक इमारत' अशी पाटी लागली, आणि त्या पावसाळ्यात सगळी बिऱ्हाडं मानखुर्दच्या संक्रमण शिबिरात गेली. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे म्हणे. मालनची जिवाभावाची मैत्रीण सरोजिनी तिकडेच गेली आणि परत येण्याची वाट बघत तिकडेच वारली. शंकर भुवनच्या जागेवर अजून पत्रे उभे होते. सर्वे करणारी माणसं कोणाची होती, हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही.

मालन कमळा निवासच्या कमिटीची सेक्रेटरी होती. चाळीच्या इतिहासातली पहिली बाई सेक्रेटरी, आणि त्याचा तिला अभिमान होता. त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गोळा केलं.

"रविवारी ती बाई येईल. पाणी तुंबतं का म्हणून विचारेल. सगळ्यांनी एकच सांगायचं. पाणी येत नाही. पाय भिजतात, इतकंच."

"पण मावशी, येतं ना पाणी," दुसऱ्या मजल्यावरची सीमा म्हणाली. तिच्या कडेवर तान्ही मुलगी होती. "दरवर्षी येतं. सांगितलं तर करतील काहीतरी."

"करतील ना. शंकर भुवनचं केलं तेच."

बऱ्याच माना डोलल्या. तळमजल्यावरचा रघु घाडी तेवढा कठड्याला टेकून डोकं खाजवत राहिला. गिरणी बंद पडल्यावर त्याने वॉचमनक्या केल्या, आता घरीच असायचा. त्याची बायको शांता अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती. पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा शिरायचं ते त्याच्याच खोलीत.

"मालन, पाणी येनाच नाय, असा मी कसा सांगू?" तो म्हणाला. "माझ्या खाटीखाली विटा कित्याक आसत मगे?"

"उंच खाट शांतावैनींना बरी पडते म्हणायचं. उचलायला सोपं जातं. रघुभाऊ, माझ्यावर विश्वास आहे ना?"

रघुने मान हलवली. सरोजिनीला त्या शिबिरात सोडून परतलेली मालन त्याने पाहिली होती. "तू सांगतंस म्हणान," तो म्हणाला आणि खाली गेला.

शनिवारी जिन्याखालची भिंत रंगवून झाली. चाळीतल्या दोघा-तिघांनी मिळून डिस्टेंपरचे दोन हात मारले आणि ती मातकट रेघ दिसेनाशी झाली.

रविवारी नेरिसा आली ती टॅब घेऊन घरोघर फिरली. उन्हाळ्यात फार तापतं तेव्हा कुठे जाता? अतिवृष्टीचा इशारा मोबाइलवर येतो का? गल्लीतलं गटार कोण साफ करतं, कधी? पाणी शिरलं तर जायला जागा ठरलेली आहे का? मालन सोबत होतीच. पाहुणीला एकटीला फिरू देणं तिला बरं वाटेना. उन्हाचं, गटाराचं लोक खरं बोलले, भरभरून बोलले. पाण्याचा प्रश्न आला की मात्र प्रत्येक दारात एकच उत्तर.

"पाणी येत नाही. पाय भिजतात, इतकंच."

पहिल्या तीन-चार घरांत नेरिसाने ते टिपून घेतलं. मग ती उत्तर ऐकण्याआधी माणसाचं तोंड बघायला लागली. रघुच्या खोलीत ती बराच वेळ थांबली. खाटेखालच्या विटांकडे तिने पाहिलं. शांताच्या अंगाखाली विजेवर चालणारी हवेची गादी होती, सारखं पडून राहून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मालननेच ओळखीतून मिळवून दिलेली. तिची वायर खिळ्यांना अडकवत पार छतापर्यंत उंच नेलेली होती. नेरिसाने ती वायरही पाहिली.

"काका, पाणी?"

रघुने मालनकडे पाहिलं. "पाय भिजतंत," तो म्हणाला. "इतक्याच."

निघताना जिन्याखाली नेरिसा थबकली. ओल्या डिस्टेंपरचा वास अजून जिन्यात कोंडला होता. ती भिंतीकडे बघत राहिली, मग खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, एक विचारू? तुमचं नाव कुठे येणार नाही. वॉर्डातून कोणी आलं होतं का तुमच्याकडे? काय बोलायचं ते सांगून गेलं?"

मालन बुचकळ्यात पडली. वॉर्डाचा इथे काय संबंध? ही बाई भलतीकडेच बोट का दाखवते? आपल्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचा हा डाव असणार.

"कोणी नाही आलं. आमचं आम्ही बोलतो."

"सगळे एकच वाक्य बोलतात?"

"एका चाळीत राहतो ना," मालन म्हणाली.

त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसातले इंजिनीअर हितेंद्र सावे स्वतः गल्लीत आले. एरवी हा माणूस फोन उचलत नसे. आज मात्र मालनच्या दारात खुर्चीवर बसून त्याने पाणी मागून घेतलं.

"ती संस्थेची बाई काय काय विचारून गेली ताई?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?"

"अहो, आमचे गुण कापायलाच बसलेत ते लोक. मागच्या खेपेला दुसऱ्या एका वॉर्डाचं असं काही लिहिलं की तिथल्या साहेबांची बदली झाली. पाण्याचं काय सांगितलं तुम्ही?"

मालनने त्याला न्याहाळलं. एक येते आणि विचारते वॉर्डाने शिकवलं का. दुसरा येतो आणि विचारतो बाईला काय सांगितलंत. दोघं एकमेकांवर डोळा ठेवून होते, की एकाच माळेचे मणी होते? काही असो, चाळीचं उत्तर बदलायचं नाही.

"पाणी येत नाही असंच सांगितलं."

सावेंचा चेहरा खुलला. "खरंच?"

"खरंच म्हणजे? पाय भिजतात, इतकंच."

"मग तसं दोन ओळी लिहून द्याल? कमिटीच्या वतीने. आमच्याकडे गटाराचं काम झाल्याची नोंद राहील."

तिने लिहून दिलं. खाली सहीही केली. एका दगडात दोन पक्षी मारले असं तिला वाटलं.

जून लागला. दरवर्षी या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी चाकांवरचा डिझेल पंप येऊन उभा राहायचा. भरतीच्या वेळी गटारं उलटी वाहायला लागली की तोच पाणी उपसून पलीकडच्या मोठ्या नाल्यात टाकायचा. त्याच्या घरघरीने झोप येत नाही म्हणून चाळ वर्षानुवर्षं त्याला शिव्या देत आली होती. यंदा तो आला नाही. मालनने वाट पाहिली, मग वॉर्ड ऑफिस गाठलं.

सावेंनी तिला बसायला सांगितलं नाही. "पंप प्रभादेवीच्या बाजूला दिलाय ताई. तिथल्या एका गल्लीत पाणी भरतं."

"आणि आमच्याकडे?"

"तुमच्याकडे भरत नाही. तुम्हीच लिहून दिलंत की."

त्या टेबलासमोर उभं राहून खरं बोलून टाकायला मालनला कितीसा वेळ लागला असता? साहेब, आम्ही खोटं बोललो, पंप पाठवा. शब्द जिभेवर आलेही. पण सावे तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती तिला आवडली नाही. आपण 'पाणी भरतं' म्हणण्याचीच हा वाट बघतोय असं तिला वाटलं. पंप काढून घेतला तो मुद्दाम, आपल्या तोंडून ते काढायला. म्हणजे मग ते लेखी होईल, आणि लेखी झालं की दारावर पाटी.

"बरं," ती म्हणाली आणि परतली. चाळीत येऊन तिने सांगितलं, पंप नादुरुस्त आहे, येईल.

जुलैमध्ये एका दुपारी मोठी भरती होती, आणि पाऊस सकाळपासून हटायचं नाव घेत नव्हता. सुतारगल्लीत आधी गटाराची झाकणं उचलली गेली. मग काळं पाणी पायरीला लागलं, पायरी चढलं आणि जिन्याखाली शिरलं. दरवर्षी ते घोट्यापर्यंत आलं की पंपाचा आवाज सुरू व्हायचा, आणि मग ते चढायचं तरी सावकाश. त्या दिवशी नुसता पावसाचा आवाज होता. पाणी गुडघ्याला लागलं तरी चढतच होतं. मीटरच्या पेटीत ठिणगी उडाली म्हणून कोणीतरी मेन स्विच पाडला.

मालन कठड्यावरून वाकून बघत होती. खालून रघुची हाक आली. त्या हाकेत तिचं नाव नव्हतं. तो नुसता "गो, गो" असं ओरडत होता.

ती धावत खाली गेली. खोलीत पाणी विटांच्या वर गेलं होतं. वीज गेल्यामुळे हवेची गादी बसली होती, आणि तिच्यावर शांता डोळे मोठे करून छताकडे बघत पडली होती. पाणी गादीच्या कडेला लागलं होतं. रघु तिच्या काखेत हात घालून ओढत होता, पण त्याच्याने ती उचलेना.

"थांबा रघुभाऊ, असं नाही. खांदा निखळेल," मालन म्हणाली. इस्पितळातली इतक्या वर्षांची सवय हातात होती. तिने चादरीसकट शांताला कडेला घेतलं, वरून खुर्ची मागवली, चादरीनेच तिला खुर्चीला बांधलं. सीमा मुलीला शेजारणीकडे टाकून धावत आली. दोघी-तिघींनी आणि रघुने मिळून ती खुर्ची जिन्यावरून वर नेली, एकेका पायरीवर टेकवत. शांताच्या साडीच्या काठाला गटाराचा गाळ लागला होता आणि ती एका बाजूच्या ओठाने काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती. मालनने तिला आपल्या खोलीत आपल्या पलंगावर ठेवलं, अंग कोमट पाण्याने पुसलं, कपडे बदलले.

रघु दारात उभा राहून ते बघत होता. त्याच्या धोतरातून पाणी टपकत होतं. सगळं आवरल्यावर तो म्हणाला, "पाय भिजले, इतक्याच."

त्यानंतर तो मालनशी बोलला नाही.

पाणी ओसरलं तेव्हा जिन्याखालच्या नव्या डिस्टेंपरवर नवी रेघ उमटली होती, आधीच्यापेक्षा वर. हवेच्या गादीचं यंत्र कायमचं गेलं. मालनच्या पलंगावरच्या साध्या गादीवर पडून पडून शांताच्या पाठीला जखम झाली. मालन दर थोड्या वेळाने तिची कूस बदलायची, पावडर लावायची, पण जखम चिघळली आणि ताप भरला. शेवटी तिला इस्पितळात न्यावं लागलं. परळच्या त्याच इस्पितळात मालनने नोकरी केली होती. तिथल्या खाटेशेजारी उभी असताना एका जुन्या ओळखीच्या सिस्टरने विचारलं, "मालनबाई, तुमच्या हाताखालच्या पेशंटला बेडसोर? असं कसं झालं?"

तिथून ती बाहेर पडली ती घरी गेलीच नाही. दादरची बस पकडली.

शिवाजी पार्कजवळच्या एका जुन्या इमारतीत नेरिसाच्या संस्थेचं ऑफिस होतं. मालनला दारात बघून नेरिसा उठली, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"मी खोटं बोलले," मालन उभ्यानेच म्हणाली. "आम्ही सगळे खोटं बोललो. गल्लीत पाणी येतं, दरवर्षी येतं. यंदा तर मांडीच्या वर होतं."

नेरिसाने तिला खुर्ची दिली. मग थोडा वेळ ती मालनचं तोंड बघत राहिली, रविवारी दारादारातून बघत होती तशी.

"मावशी, राग मानू नका. हे सांगायला तुम्हाला कोणी पाठवलंय का?"

"काय?"

"पुढच्या महिन्यात आमचा अहवाल येतोय. एप्रिलमध्ये तुम्ही सगळे एका सुरात नाही म्हणालात. आता अहवालाच्या तोंडावर तुम्ही येऊन हो म्हणता. कोणी पक्षवाला भेटला असेल, वॉर्डावर राग असलेला..."

मालनच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उठली आणि पुन्हा बसली. रागवायचा आपल्याला काय अधिकार, असं तिचं तिलाच वाटलं.

"माझ्या खालच्या मजल्यावरची बाई इस्पितळात आहे," ती म्हणाली. "माझ्यामुळे आहे. मला कोण पाठवणार?"

आणि तिने सगळं सांगितलं. शंकर भुवन, सरोजिनी, गॅलरीतली बैठक, डिस्टेंपर, सावेंना लिहून दिलेल्या दोन ओळी, न आलेला पंप. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, नेरिसाचा चेहरा उतरत चालला होता.

"सावेंनी तुम्हाला शिकवलं नव्हतं?"

"तो कशाला शिकवेल? तो तर तुम्हालाच घाबरून होता."

नेरिसाने कपाळाला हात लावला. "मी लिहिलं होतं, रहिवाशांना वॉर्डाने पढवलेलं दिसतं. आमच्या साहेबांनी ते पालिकेत वर कळवलं. सावेंना नोटीस गेलीय."

खाली मैदानावर कोणीतरी क्रिकेटचा सराव करत होतं, बॅटचे टोले ऐकू येत होते.

"म्हणजे तुम्हालाही आमचं खरं कळलं नाही," मालन म्हणाली.

"खोटं आहे हे कळलं. कोणाचं ते चुकलं."

मालनने पदराने तोंड पुसलं. जे विचारायला ती खरी आली होती ते आता विचारलं. "मी हे लेखी दिलं, तर आमच्या चाळीवर धोकादायकची पाटी लागेल का?"

नाही मावशी, असं कसं होईल, असं नेरिसा म्हणाली असती तर मालन तिथूनच माघारी फिरली असती. पण नेरिसाने तसं म्हटलं नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आम्ही इमारती तपासत नाही. पण अहवाल छापला की तो कोणीही वाचतो. वॉर्ड वाचतो, बिल्डरही वाचतो. आमच्या आजोबांच्या वाडीतसुद्धा कोणीतरी मोजायला आलं होतंच. मी तुम्हाला शब्द देऊ शकत नाही. चाळीचं नाव न घालता नुसती गल्ली लिहिता येईल, एवढं माझ्या हातात आहे."

इतक्या दिवसांत या बाईच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य, ज्याच्यात मालनला काही लपलेलं दिसलं नाही. तिने कागद मागून घेतला.

सावेंकडे ती दुसऱ्याच दिवशी गेली. मला कोणी शिकवलं नव्हतं, मीच खोटं लिहून दिलं, असं तिने त्यांच्या साहेबांपुढे सांगितलं. सावे तिच्यावर खवळले. तुमच्यासारख्या लोकांमुळे आमच्या नोकऱ्या जातात, म्हणाले. पुढे त्यांची नोटीस मागे घेतली गेली, पण मालनला ते पुन्हा कधी ताई म्हणाले नाहीत. नेरिसाने आपल्या अहवालातलं ते वाक्य काढलं. आपण खातरजमा न करता संशय लिहिला, हे तिने साहेबांना लेखी कळवलं, आणि त्याबद्दल तिला बोलणी खावी लागली. पाण्याच्या बाबतीत वॉर्डाचे गुण उतरले. ऑगस्टच्या मोठ्या भरतीआधी पंप सुतारगल्लीच्या तोंडाशी येऊन लागला. तो प्रभादेवीच्या त्या गल्लीतून काढून आणला की नवा, हे मालनने विचारलं. ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. तो विचार तिला पुष्कळ दिवस टोचत राहिला.

चाळीत मात्र वेगळंच शिजत होतं. मालन दादरला जाऊन सही करून आली हे कळल्यावर नळावर कुजबुज सुरू झाली. एका सकाळी सीमाने तिला जिन्यात गाठलं.

"मावशी, आम्हाला सांगितलंत तोंड बंद ठेवा. आणि स्वतः एकटीने जाऊन लिहून दिलंत? कोणाला विचारलंत?"

"कोणालाच नाही. माझं नाव घातलं, चाळीचं नाही."

"लोक म्हणतात, तुम्हाला कुठेतरी फ्लॅट कबूल केलाय."

मालनला हसू आलं, आणि ते आवरलंही. सीमाच्या डोळ्यांत जो भाव होता तो तिच्या चांगला ओळखीचा होता. नेरिसाकडे आपण असंच तर बघत होतो. "फ्लॅट मिळाला तर पहिल्यांदा तुला बोलावीन चहाला," ती म्हणाली. सीमा हसली नाही. गणपतीआधीच्या सभेत मालनने सेक्रेटरीपद सोडलं. रहा असं कोणी म्हणालं नाही.

शांता इस्पितळातून सुटली तेव्हा तळमजल्यावरच्या खोलीच्या भिंती अजून ओल्या होत्या. मालन खाली गेली. रघु जमीन पुसत होता.

"रघुभाऊ, पावसाळा सरेपर्यंत शांतावैनी वर राहू देत. मी गॅलरीत झोपेन."

रघुने फडकं पिळलं. मान वर केली नाही. "तुझे उपकार नको माका. तुझ्यार विश्वास ठेवन बघितलंय मी."

मालन तशीच उभी राहिली. ती वळणार तेवढ्यात खाटेवरून शांताचा आवाज आला. आजारी पडल्यापासून तिचं बोलणं अडखळत असे, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं.

"वर... वारो... बरो येता," शांता म्हणाली. "माका... वर... न्हे."

"शांता, तू गप रव," रघु म्हणाला.

"पाठ... माझी... आसा," शांता म्हणाली. "तुझी... नाय."

रघुने फडकं बादलीत टाकलं. तो खाटेच्या कडेला टेकला. मग उठला आणि खुर्ची घेऊन आला. या वेळी खुर्चीला मागून त्याने धरलं आणि पुढून मालनने, आणि जिन्याच्या वळणावर अडलं तेव्हा सीमा वरून उतरून आली. तिनेही एका बाजूने हात लावला.

रघु स्वतः खालीच राहिला. रोज संध्याकाळी तो वर येई, शांताच्या उशाशी बसे, गावच्या गोष्टी सांगे. मालन स्टोव्हपाशी बसून ऐके. त्याने तिच्याकडे बघून कधी काही विचारलं नाही, पण तिने चहाचा कप पुढे ठेवला की तो घेई.